चोर्ला उतरून कुंकळ्ळीपर्यंत: गोव्यातलं जुनं लाकूड आणि जुनी माती

बुधवार

सकाळी बेळगावहून निघून चोर्ला घाट उतरलो. या वाटेनं गोव्यात शिरलं की समुद्र दिसत नाही. केरी, साखळी, डिचोली अशी आतली गावं लागतात, आणि मला तीच हवी होती. जुनं लाकडी सामान आणि मातीची, चिनीमातीची भांडी जमवायचा नाद मला बऱ्याच वर्षांपासून आहे. पुण्या-मुंबईच्या दुकानांतून ‘गोव्याचा माल’ म्हणून मांडलेल्या खुर्च्या पुष्कळ पाहिल्या. कुठल्या गावची, कुणाच्या घरची, असं विचारलं की दुकानदार गप्प. या खेपेला ठरवूनच आले होते की वस्तू जिथं घडली, जिथं वापरली गेली, तिथंच ती पाहायची. आणि काही घेतलंच तर तिच्या घराच्या नावासकट घ्यायचं. गाडी चालवायला आत्तेभाऊ सोबत होता. फोंड्याजवळ बांदोड्याला त्याचं घर.

पहिला थांबा डिचोली. इथल्या कुंभारांची भांडी गोवाभर जातात. ज्या अंगणात आम्ही थांबलो तिथं घुमटांची तयारी चालली होती. घुमट म्हणजे मातीचं, दोन्ही बाजूंनी उघडं वाद्य. रुंद तोंडावर कातडं चढवतात आणि अरुंद तोंडावर तळहात ठेवून आवाज कमी-जास्त करतात. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, आता कायद्यानं बंदी असल्यामुळे बकऱ्याचं. २०१९ साली गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा-वाद्य म्हणून मान दिला, तेव्हापासून मागणी वाढली आहे, असं तिथले काका सांगत होते.

त्यांचं काम मी जवळ बसून पाहिलं. चाकावरून उतरवलेलं भांडं जरा सुकलं की ते मांडीवर घेतात. डाव्या हातात आतून दगडी गुंडा, उजव्या हातात लाकडी थापी. गुंडा जिथं टेकलेला असेल नेमकी तिथंच बाहेरून थाप बसते, आणि प्रत्येक थापेसरशी भांडं एवढंसं फिरतं. मधेच थापी खाली ठेवून ते अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कड धरून जाडी अजमावत होते. “काका, जाडी सगळीकडे सारखी लागते?” असं विचारलं तर म्हणाले, “पोटाला पातळ चालते, खांद्याला नाही. कातडं ओढून बांधतात तेव्हा ताण सगळा खांद्यावर येतो.” भांडी लाल मातीच्या पाण्यानं रंगवून वाळवतात, मग पेंढा, लाकूड, नारळाची सोडणं घालून भाजतात. भाजताना धूर लागून पडलेला काळा डाग मला तरी फार आवडतो. प्रत्येक भांड्याला तो वेगळ्या जागी असतो.

शोभेची भांडी जमवणारे बहुतेक लोक चकाकीकडे, निळ्या नक्षीकडे ओढले जातात. साध्या लाल मातीचं भांडं कुणी सांभाळून ठेवत नाही. ते फुटलं की नवं आणायचं, अशीच रीत. म्हणूनच एखाद्या घरातलं पन्नास-साठ वर्षांचं अखंड गुर्गुलेट (पिण्याच्या पाण्याचं लांब मानेचं भांडं) मला चिनी बशीपेक्षा मोलाचं वाटतं. डिचोलीत नवं गुर्गुलेट मिळालं नाही. मागणीच नाही, फ्रीज आले, असं कळलं.

संध्याकाळी बांदोड्याला आत्याकडे. तिचं घर जुन्या गोमंतकीय पद्धतीचं. मधोमध राजांगण, त्यात तुळस, चारी बाजूंना ओसरी. ओसरीवर फणसाच्या लाकडाचा लांब बाक आहे. मी तो आडवा करून खालून बघायला लागले तशी आत्या म्हणाली, “गो, त्याच्यावर बसून मी तांदूळ निवडते. खाली काय बघतेस त्याच्या?”

खाली सगळं होतं. फणसाचं लाकूड कापल्यावर पिवळंधमक असतं आणि वर्षं गेली की तांबूस तपकिरी होतं. या बाकाची वरची बाजू हातापायांनी घासून मधासारखी झाली होती, पण खालच्या फळीवर रंध्याचे उथळ ओरखडे अजून बोटांना लागत होते. सांध्यांत एकही खिळा नाही. खाचेत जीभ बसवून आरपार लाकडी खुंटी मारलेली. खुंट्या किंचित वर आल्या होत्या. त्याचं कारण फळी आडवी आक्रसते आणि खुंटी आपल्या लांबीत आक्रसत नाही. ही खूण सहसा बनावट करता येत नाही.

आत्याच्या घरात दोन तऱ्हांचं लाकूडसामान आहे. राजांगणाच्या आतल्या बाजूला पाट, चौरंग, पेटारा, देव्हारा, झोपाळा. सगळं जमिनीलगत बसणाऱ्या माणसांचं. बाहेरच्या बैठकीत मात्र वेताच्या उंच पाठीच्या खुर्च्या आणि गोल मेज. पाहुणा बाहेर खुर्चीवर बसायचा आणि जेवायला आत पाटावर यायचा. गोव्यातल्या कितीतरी हिंदू घरांत हीच मांडणी दिसते.

गुरुवार

जुन्या गोव्यात गर्दी बॉम जेझुस चर्चकडे असते. आम्ही आधी चढणीवरच्या सांता मोनिका मठात गेलो. १६०६ ते १६२७ या काळात बांधलेला हा ख्रिस्ती जोगिणींचा (नन्सचा) मठ, भिंती किल्ल्यासारख्या. ख्रिस्ती कलेचं संग्रहालय २००२ पासून इथं आहे, त्याआधी ते राशोलच्या सेमिनारीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत होतं. हस्तिदंत, चांदी आणि लाकूड यांतल्या मूर्ती आणि चर्चची उपकरणं इथं नीट उजेडात पाहता येतात.

लाकडी मूर्तींपाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबले. चेहरे गोल, गाल भरलेले, डोळ्यांच्या पापण्या आपल्या देवळांतल्या मूर्तींसारख्या खाली झुकलेल्या. १५६७ साली गोव्यात भरलेल्या धर्मसभेनं ख्रिस्ती पूजेच्या वस्तू बिगरख्रिस्ती कारागिरांकडून करवून घेऊ नयेत असा ठराव केला होता. ठराव करावा लागला, याचाच अर्थ काम त्यांच्याकडून होत होतं. आणि हात कुणाचाही असो, त्याला जे वळण लहानपणापासून लागलेलं असतं तेच लाकडात उतरतं.

हेच फर्निचरचंही. १७व्या शतकात गोव्यात घडवलेली ‘कोंतादोर’ नावाची कपाटं आज लिस्बन आणि लंडनच्या संग्रहालयांत आहेत. पुष्कळ कप्पे, सागाचा सांगाडा, त्यावर शिसव किंवा आबनूस आणि हस्तिदंताचं जडावकाम, एकमेकांत गुंतलेली वर्तुळं, जाळीदार पितळी पत्रे. आणि पाय पाहावेत तर नागिणींचे! कमरेच्या वर स्त्री, खाली शेपटी. कागदपत्रं ठेवायचं युरोपी कपाट ज्या सुतारानं केलं त्यानं त्याचा भार आपल्या ओळखीच्या आकृतींच्या खांद्यावर दिला.

जमवणाऱ्यांसाठी इथंच एक गोष्ट सांगून ठेवते. हस्तिदंताची खरेदी-विक्री आपल्याकडे वन्यजीव कायद्यानं बंद आहे, जडावकामातला तुकडाही त्यात येतो. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. ती विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. “परदेशी पाठवायची सोय करतो” असं एखादा दुकानदार जुन्या वस्तूबद्दल सांगू लागला की मी तिथून उठते.

सांता मोनिकाच्या समोरच सेंट ऑगस्टीन चर्चचे भग्नावशेष. तिथं पडक्या भिंतींना निळ्या-पिवळ्या चकाकीच्या फरशांचे तुकडे अजून चिकटलेले आहेत. पावसाळ्यांचे मारे खाऊनही रंग उतरलेला नाही, कारण तो वरून लावलेला नसून काचेच्या थरातच भाजलेला असतो.

त्याचं मोठं काम दुपारी पणजीत पाहिलं. मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात चारी बाजूंना निळ्या-पांढऱ्या फरशांची चित्रं आहेत. १९३५ची, जोर्ज कोलासू या पोर्तुगीज चित्रकाराची. विषय कामोंइश या कवीच्या महाकाव्यातले प्रसंग, म्हणजे वास्को द गामाची सफर. ‘अझुलेजु’ म्हणतात त्या या फरशा. भाजलेल्या मातीच्या चौकोनावर पांढऱ्या चकाकीचा कच्चा थर, तो पावडरसारखा कोरडा असतानाच त्यावर कोबाल्टच्या रंगानं चित्र, आणि मग पुन्हा भट्टी. कोरडा थर कुंचल्यातलं पाणी लगेच शोषून घेतो, त्यामुळे रेघ मारली ती मारली, पुसून सुधारता येत नाही. हे माहीत असलं की शिडांवरच्या एका झटक्यात ओढलेल्या लांब रेषांकडे पाहण्याची नजरच बदलते. लोक इथून भराभर पुढे जातात. एकदा तरी भिंतीजवळ जाऊन दोन फरशांचा सांधा पाहावा. रेष एका फरशीवरून दुसरीवर जाताना जरासुद्धा अडखळलेली नाही.

पणजीतल्या फोंताइन्यास या जुन्या वस्तीच्या बाजूला जुन्या सामानाची दुकानं आहेत. एका दुकानदारानं मोकळेपणानं सांगितलं, “ताई, हे लाकूड शंभर वर्षांचं आहे, टेबल मागच्या वर्षीचं.” पाडलेल्या घरांचे वासे आणि दारं कापून केलेलं फर्निचर गोव्यात खूप विकलं जातं. त्यात गैर काही नाही, मात्र ते सांगून विकायला हवं. ओळखायचं असेल तर खण पूर्ण बाहेर काढावा. जुन्या खणाची बाहेरून पॉलिश केलेली फळी आतून कोरीच असते, मागच्या बाजूच्या सांध्याचे दाते हातानं कापलेले म्हणून लहान-मोठे असतात. फळीवर कमानीसारखे ओरखडे दिसले तर ती गोल पात्याच्या यंत्रकरवतीनं कापलेली आहे. स्क्रू काढता आला तर त्याचं टोक बघावं. १९व्या शतकाच्या मध्याच्या आधीचे स्क्रू टोकाला बोथट असतात. आणि गोल टेबल असेल तर सरळ फूटपट्टी काढावी. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेनं आक्रसतं, त्यामुळे खरोखर जुनं गोल मेज मोजलं तर एका बाजूनं थोडं कमीच भरतं.

शुक्रवार

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. चवरीस (गोव्याची सॉसेज), सुकी मासळी, मोयराची केळी यांतून वाट काढत मडक्यांच्या रांगेपाशी गेलो. कोंबडा, हत्ती, तुळशीवृंदावन असा शोभेचा माल पुढे मांडलेला, रांधायची मडकी मागे. मी आत्यासाठी आंबटीकरता एक मडकं घेतलं. बोटानं वाजवून घेतलं, खणखणीत आवाज आला. चीर असेल तर आवाज बसका येतो. चिनीमातीची जुनी बशीसुद्धा अशीच वाजवून घ्यायची.

दुपारी तोर्ड्याचं ‘हाउसेस ऑफ गोवा’. वास्तुरचनाकार जेरार्ड द कुन्या यांनी उभं केलेलं, रस्त्याच्या बेचक्यात जहाजासारखं दिसणारं संग्रहालय. दारं, खिडक्या, शिंपल्यांची तावदानं, खुर्च्या असं सगळं तिथं आहे. जिना अरुंद आहे. घरांची रचना समजून घ्यायला उत्तम, पण वस्तू त्यांच्या मूळ घरात बघण्याची ओढ असल्यानं मी लवकर आटोपतं घेतलं.

शनिवार

चांदोर. कदंबांची जुनी राजधानी चंद्रपूर ती हीच. चर्चच्या चौकाला लागून मेनेझिस ब्रागांझा घराण्याचा दुमजली वाडा उभा आहे, एका घराचे दोन भाग, दोन्हीत कुटुंबं राहतात. तिकीट नाही. घरातलं माणूस बरोबर फिरून दाखवतं आणि निघताना आपण देखभालीसाठी मनापासून काही ठेवायचं. पणजीतल्या संस्थेला ज्यांचं नाव आहे ते पत्रकार लुईस द मेनेझिस ब्रागांझा याच घरातले. पश्चिमेकडच्या भागात त्यांचं ग्रंथालय आहे, सुमारे ५,००० पुस्तकांचं.

मी आले होते ती खुर्च्यांसाठी. पूर्वेकडच्या भागातल्या नाचाच्या दालनात, संगमरवरी फरशीवर, झुंबरांखाली, उंच पाठीच्या कोरीव खुर्च्या आहेत. त्यांतल्या दोन पोर्तुगालचा राजा दों लुईस यानं या घराण्याला भेट दिलेल्या. त्याचं राज्य १८६१ ते १८८९. सगळे त्या राजाच्या खुर्च्यांपाशी थांबतात, मीही थांबले. पण मन रमलं ते भिंतीकडेच्या इतर खुर्च्यांत. काळसर जांभळट शिसव, पाठीच्या माथ्यावर कोरीव वेल, बैठक वेताची. मी परवानगी घेऊन जमिनीवर बसले आणि एक बैठक खालून पाहिली. चौकटीला काठाकाठानं भोकं पाडलेली. उभे वेत, आडवे वेत, त्यांवर दोन्ही बाजूंचे तिरपे, आणि मधे उरलेली जाळी अष्टकोनी. कडेला भोकं झाकणारी वेताची पट्टी. दोन भोकांमध्ये लाकूड फुटलं होतं, तिथं कुणीतरी शिसवीचाच बारीक तुकडा रेषा जुळवून बसवलेला. वरून ती दुरुस्ती दिसत नाही. कोरीव वेलाइतकंच ते काम मला थोर वाटलं.

दमट हवेच्या मुलुखात गादीपेक्षा वेत का, हे इथं बसल्यावर कळतं. वारा आरपार जातो आणि गादीइतकी बुरशी धरत नाही. युरोपातल्या नमुन्याला गोव्यानं दिलेलं हे उत्तर आहे. इथल्या जुन्या घरांत आणखी दिसतात त्या म्हणजे एकमेकांकडे तोंड करून बसायची इंग्रजी एसच्या आकाराची जोडखुर्ची आणि लांब हातांची आरामखुर्ची, जिला इथं ‘वोल्तेर’ म्हणतात. त्या हातांवर पाय टाकून दुपार काढायची.

कपाटांत निळी-पांढरी चिनी भांडी. १५५७पासून पोर्तुगीज चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावला होते आणि जहाजं गोव्याला लागत, त्यामुळे चिनी बशा, फुलदाण्या, मोठाल्या बरण्या इथल्या घरांत सहज आल्या. भांडं पारखताना तळ पाहावा. तळाच्या कड्याला चकाकी नसते, तिथं उघडी माती दिसते, क्वचित भट्टीतली वाळू चिकटलेली असते. दुरुस्ती केलेली असेल तर अतिनील टॉर्चच्या उजेडात रंग वेगळा उठून दिसतो. चांदोरच्या बरण्या काचेबाहेरूनच पाहिल्या आणि तेच योग्य.

परतताना बाणावलीचं ‘गोवा चित्र’. कलाकार व्हिक्टर ह्युगो गोमीश यांनी गोव्यातली अवजारं, भांडी, घाणे, मापं, देवघरं गोळा करून मांडलेलं संग्रहालय. इमारतच मुळी पाडलेल्या घरांच्या दारा-खिडक्यांतून उभी राहिली आहे. ज्या सुतारानं नाचाच्या दालनातली खुर्ची केली त्याचीच रंधा, किकरं, पटाशी इथं भिंतीवर आहेत असं वाटून गेलं. जमवणाऱ्यानं चांदोर आणि बाणावली एकाच दिवशी बघावं, याच क्रमानं.

रविवार

दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातल्या एका गावात, मिस्सा (चर्चमधली रविवारची प्रार्थना) आटोपल्यावर, आत्तेभावाच्या ओळखीच्या घरी गेलो. वृद्ध आंटी एकट्याच राहतात. मुलं परदेशी. घराची वाटणी चालली आहे. गोव्यातला वारशाचा कायदा १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतूनच आलेला आहे. मुलगा-मुलगी सारखेच वारस, आणि आई-बापांना अर्ध्याहून जास्त मालमत्ता मर्जीनं कुणाला देता येत नाही. न्याय म्हणून ही फार चांगली गोष्ट. पण चार पिढ्या गेल्या की एका घराचे मालक तीस होतात, निम्मे लिस्बनला, निम्मे मुंबईला. मग घराला कुलूप लागतं आणि खुर्च्यांचा संच वाटला जातो. आंटींच्या सासरच्या बारा खुर्च्यांपैकी त्यांच्या वाट्याला चार आल्या होत्या.

भाऊ त्यांच्याशी कोंकणीत बोलत होता. त्यांना दोन द्यायच्या होत्या, दोन ठेवायच्या होत्या. मी म्हटलं, “आंटी, चारी इथंच राहू देत ना. जोडी मोडायला माझं मन होत नाही.” त्या हसल्या. म्हणाल्या, “बाय, बारांची जोडी मोडली ती मोडली. आता बसायला आम्ही दोघंसुद्धा नाही. छपराची कौलं बदलायची आहेत.” त्यावर मी काय बोलणार? भाव त्यांनी सांगितला तोच दिला. घासाघीस केली नाही.

मात्र एक मागितलं. वहीतल्या पानावर त्यांच्याकडून लिहून घेतलं की खुर्च्या कुठल्या खोलीत होत्या, संच किती खुर्च्यांचा, कुणाच्या लग्नात घरात आल्या, वेत शेवटी कधी विणला. त्यांना आठवेल तितकं सांगितलं. सासूबाई कुठल्या खुर्चीवर बसत तेही सांगितलं, आणि ती खुर्ची त्यांनी स्वतःकडे ठेवली. त्या पानाची एक प्रत त्यांना दिली. जुन्या वस्तूंच्या बाजारात घराचं नाव मुद्दाम पुसलं जातं, त्याचा मला मनापासून राग आहे. ज्या दिवशी हे नाव जातं त्या दिवशी खुर्ची नुसतं महाग लाकूड होते.

सोमवार

कुंकळ्ळीचे मिस्त्रीकाका. या गावात चितारी कारागिरांचं लाखेचं काम चालत आलं आहे. कातून गोल केलेल्या पायांवर फिरत्या चक्रातच लाखेची कांडी दाबून रंग चढवतात, घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून लाकडात बसते. लाल-पिवळे पाट, चौरंग, पाळणे. काकांच्या कामाच्या जागेत एक पाळणा उलटा टांगलेला होता.

त्यांनी खुर्च्या उन्हात नेऊन उलट्या ठेवल्या. चौकटीला बोटानं टकटक केलं, एका पायाच्या मुळाशी पिवळट पीठ दिसलं त्यावर ओल्या बोटाचं टोक ठेवलं. “हे ताजं आहे,” म्हणाले. “किडा पांढऱ्या लाकडात आहे, गाभ्यात शिरलेला नाही.” शिसवीचा गाभा किड्याला सहसा दाद देत नाही, सालीजवळचं फिकट लाकूड मात्र त्याचं खाणं. औषध सुईनं भोकाभोकातून घालायचं, पाय बदलायचा नाही, हे आमचं लगेच जुळलं.

पॉलिशवर जरा चर्चा झाली. हल्ली गिऱ्हाईक मेलामाइन मागतं, कारण चमक येते आणि चहाचा डाग पडत नाही. “तुम्हाला काय हवं ताई?” मी म्हटलं, “चपडाच. तोही सगळा उतरवून नको. आहे तो स्पिरिटच्या बोळ्यानं जागा करून वर हलका हात.” चपडा म्हणजे लाखच. स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून उद्या कुणाला काढायचा असेल तर काढता येतो. मेलामाइन काढायचं म्हणजे खरवडणं आलं, आणि खरवडलं की हातांनी घासून आलेली शंभर वर्षांची झिलई जाते. काकांचा चेहरा खुलला. म्हणाले, “असं सांगणारं गिऱ्हाईक क्वचित येतं.”

वेत एका खुर्चीचा नवा विणायचा, दुसरीचा जुनाच ठेवायचा, नुसती सुटलेली कडपट्टी बसवायची. पावसाळ्याआधी विणून झाला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आंटींच्या पानाची झेरॉक्स मी त्यांच्याकडे दिली. खुर्च्या घेऊन जायला शिमग्यानंतर या म्हणाले. बेळगावपर्यंतचा टेंपो आत्तेभाऊ बघणार आहे.